वारा पडतो तेव्हा

वडीगोद्रीला विमानतळ नाही. धुळे–सोलापूर महामार्गावरचे हे गाव. ऊस, कापूस आणि मोसंबी यांच्यात त्याचा हिशोब संपतो. अशा गावात बसून तीस वर्षे विमान अपघातांचे अहवाल वाचणारा माणूस थोडा तऱ्हेवाईक ठरणारच, आणि मी तो ठरलेलो आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. भौतिकशास्त्र जेवढे येते तेवढे या अहवालांनीच शिकवले.

हा लेख लिहायला कारण झाली माझ्या चुलत भावाची मुलगी. ती राज्यातल्याच एका संस्थेत वैमानिकाचे प्रशिक्षण घेते आहे. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्या देशात २०० तासांचे उड्डाण लागते, आणि त्या तासांसाठी माझ्या भावाने दोन एकर विकून वर कर्ज काढले आहे. मार्च उजाडला आणि तिचे फोन येऊ लागले : आज वाऱ्यामुळे उड्डाण रद्द, उद्याचेही बहुधा रद्द. वसतिगृहाचे भाडे चालू, खानावळ चालू, तास मात्र जागच्या जागी. एका संध्याकाळी भाऊ माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, वारा तर आपल्याकडंबी सुटतो. म्हणून काय औत सोडून घरी बसतो का आपण?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर त्याला ओट्यावर नीट देता आले नाही, म्हणून ते इथे सविस्तर देतो.

मळणी यंत्रे येण्यापूर्वीचे खळे ज्यांनी पाहिले आहे त्यांना निम्मे उत्तर माहीत आहे. माझी आई तिवईवर उभी राहून ज्वारी उफणायची. डोक्याच्या वर पाटी धरायची आणि वाऱ्याची वाट पाहायची. वारा जोराचा हवा असे नसे; तो धरून राहणारा हवा. एकसारखा वाहणारा मंद वारा भूस ठरावीक अंतरावर नेऊन टाकतो आणि दाण्याची रास पायाशी स्वच्छ पडते. झुलता वारा आला की सगळे बिघडते. झोत आला की हलके दाणेही भुसात जातात, आणि झोत अचानक पडला की भूस सरळ राशीवर येऊन बसते. असा वारा असला की आई पाटी खाली ठेवून तिवईवरून उतरायची. वारा मोजायचे साधन तिच्याकडे नव्हते, पण सरासरी वारा आणि झोत यांतला फरक तिला कळत होता. विमानतळावरच्या हवामान नोंदीतही हा फरक वेगळा लिहितात. सरासरीपेक्षा किमान १० नॉटने, म्हणजे ताशी साधारण १८ किलोमीटरने, जास्त असलेला झोत स्वतंत्रपणे नोंदवायचा असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. वाऱ्याचा नुसता वेग वैमानिकाला पुरत नाही. तो किती झुलतो आहे हेही त्याला हवे असते.

आता औताची गोष्ट. औत जमिनीवर चालते, त्याचा वेग जमिनीशी. विमानाच्या पंखाला जमिनीशी काही देणेघेणे नसते. पंखावरून हवा किती वेगाने वाहते, एवढेच त्याला कळते. उचल (ऊसतोडीची नव्हे, पंखाची) त्या हवेच्या वेगावर अवलंबून असते, आणि तीही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग दुप्पट तर उचल चौपट. वेग निम्मा तर उचल चौथाई. हे वर्गाचे प्रमाण लक्षात ठेवावे, पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

सेस्ना १५२ हे जगभर शिकाऊ वैमानिकांच्या हाती दिले जाणारे दोन आसनी विमान घेऊ. ११० अश्वशक्तीचे इंजिन, म्हणजे आमच्याकडच्या दोन ट्रॅक्टरांएवढी ताकद. पूर्ण भरलेले वजन ७५७ किलो. ते धावपट्टीवर ५० नॉटच्या, म्हणजे ताशी ९३ किलोमीटरच्या आसपास नाक उचलते. समजा समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा आहे आणि मधूनच ४० चे झोत येताहेत. विमान धावत असताना झोत आला. वेगदर्शक काटा ९३ वर गेला, पण त्यातले ४० किलोमीटर वाऱ्याने उसने दिलेले आहेत. चाके जमिनीवर ताशी ५३ नेच धावताहेत. विमान उचलले गेले. दोन-तीन सेकंदांत झोत पडला आणि वारा पुन्हा २० वर आला. साडेसातशे किलोचे धूड क्षणात ताशी २० किलोमीटरने वेग वाढवू शकत नाही. पंखावरचा वेग ७३ वर येतो. ७३ ला ९३ ने भागून वर्ग केला की ०.६२ येतात. पंखाचा कोन तोच राहिला तर शंभर भाग उचलीतले अडतीस भाग गेले, आणि विमान जमिनीपासून वीस-पंचवीस फुटांवर आहे.

वारा वाढल्याने विमान पडते अशी सर्वसाधारण समजूत असते. समोरचा वारा वाढला तर विमान उलट वर चढते. घात होतो तो वारा पडल्याने. आपल्या भाषेत 'वारा पडला' म्हणतात ते इथे अक्षरशः लागू आहे.

पुढची चूक माणसाच्या हाताची असते. विमान खाली बसू लागले की हात आपोआप दांडा मागे ओढतो, नाक आणखी वर करतो. पंख समोरून येणाऱ्या हवेशी जास्त कोन करतो आणि काही क्षण उचल वाढतेही. पण हा कोन साधारण १५–१६ अंशांच्या पुढे गेला की हवा पंखाच्या वरच्या पाठीला चिकटून वाहायची थांबते, तिथे भोवरे होतात आणि उचल कोसळते. इंजिन व्यवस्थित चालू असताना विमान दगडासारखे पडते ते असे. बहुतेक वेळा एक पंख आधी खचतो आणि विमान त्या बाजूला लवंडते. उंची भरपूर असेल तर नाक खाली करून वेग परत मिळवता येतो. शिकवतातही तसेच, हजारो फुटांवर नेऊन. दीडशे फुटांवर नाक खाली करायला माणसाचे मन धजत नाही, कारण समोर जमीन दिसत असते. धजले तरी जागा पुरेलच असे नाही.

त्यात आणखी एक फसवणूक आहे. जमिनीच्या अगदी लगत, पंखांच्या लांबीपेक्षा कमी उंचीवर, विमानाला तरंगणे सोपे जाते. पंखाच्या टोकांपाशी होणारे भोवरे जमिनीमुळे नीट तयार होत नाहीत आणि हवेचा रोध कमी होतो. त्यामुळे झोताने वेळेआधी उचललेले विमान थोडा वेळ छान तरंगते. वैमानिकाला वाटते, झाले, उडालो. वर गेल्यावर ही सवलत संपते, आणि ती नेमकी झोत पडायच्या वेळी संपली तर एकावर एक दोन घाटे. म्हणून झोताच्या दिवशी विमान नेहमीपेक्षा थोडे अधिक वेळ जमिनीवर दाबून धरावे आणि जास्त वेगाने, एकदाच, स्वच्छ उचलावे असे शिकवतात.

आडव्या वाऱ्याचे गणित निराळे. विमानाचा शेपटीकडचा उभा पंख वाऱ्याला अडतो आणि नाक वाऱ्याकडे वळू पाहते, देवळाच्या शिखरावर वारा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा वळतो तसे. त्याच वेळी वाऱ्याच्या बाजूचा पंख वर उचलला जातो. वैमानिकाने पायाने सुकाणू एका बाजूला आणि हाताने पंखाच्या टोकाकडच्या फळ्या दुसऱ्या बाजूला धरायच्या, आणि वेग वाढेल तसे हे दोन्ही थोडे थोडे सोडायचे. वारा एकसारखा असेल तर हे जमते. झुलत असेल तर प्रत्येक सेकंदाला मात्रा बदलते. सेस्ना १५२ च्या पुस्तिकेत आडवा वारा १२ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी २२ किलोमीटरपर्यंत, चाचणीत सिद्ध केल्याचे नमूद आहे. ज्याने चाचणी घेतली तो मुरलेला वैमानिक होता आणि माझी पुतणी एकोणीस वर्षांची आहे.

हे झोत येतात कुठून? आमच्या काळ्या रानात एप्रिलच्या दुपारी उभे राहिले की पुस्तक लागत नाही. जमीन तापते, तिच्यावरची हवा फुगून वर जाते, तिची जागा घ्यायला बाजूची धावते. कुठे नांगरलेले रान, कुठे उसाचा हिरवा पट्टा, कुठे डांबरी रस्ता. प्रत्येकाचे तापणे वेगळे, म्हणून वारा तुकड्यातुकड्याने येतो. वावटळ म्हणजे त्याचेच डोळ्यांना दिसणारे रूप. म्हणून उन्हाळ्यात शिकाऊ उड्डाणांना पहाटेची वेळ सोयीची. दहा-अकरा वाजले की विंडसॉक कधी ताठ होतो, कधी लोंबतो. (हा विंडसॉक म्हणजे शतकाहून जुने तंत्र, नुसता कापडी पायमोजा. पण माझ्या मते विमानतळावरचे सर्वांत प्रामाणिक यंत्र तेच.)

दुसरा प्रकार वळवाचा, आणि तो अधिक क्रूर. पावसाळी ढगातून थंड, जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पाऊस अजून चार कोसांवर असताना थंड वारा आणि मातीचा वास पुढे येतो तो हाच. अशा हवेत शिरणाऱ्या विमानाला आधी समोरून जोराचा वारा मिळतो, मग वरून दाब, आणि क्षणात वारा पाठीमागून येतो. म्हणजे उसने दिलेले परत घेऊन वर घरातले नेल्यासारखे. शिकागोचे जपानी वंशाचे हवामानशास्त्रज्ञ टेड फुजिता यांनी हे पहिल्यांदा उलगडले. अणुबॉम्ब पडल्यावर जपानमधल्या उद्ध्वस्त शहरांची पाहणी त्यांनी तरुणपणी केली होती. १९७४ साली अमेरिकेतल्या वादळांनंतर विमानातून पाहणी करताना झाडे एका मध्यापासून चांदणीसारखी बाहेर आडवी झालेली त्यांना दिसली आणि जुन्या खुणा आठवल्या. पुढल्याच वर्षी, १९७५ मध्ये, न्यूयॉर्कला एक बोइंग ७२७ उतरताना पडले आणि त्याचा उलगडा त्यांनी याच खाली कोसळणाऱ्या हवेने केला. तज्ज्ञांनी बराच काळ मान डोलावली नाही. ९ जुलै १९८२ रोजी न्यू ऑर्लीन्सहून निघालेले तसेच विमान उड्डाणानंतर काही सेकंदांत वस्तीवर कोसळले आणि जमिनीवरच्या आठांसह १५३ माणसे गेली. मोठ्या, ताकदवान विमानाची ही कथा. वळवानंतर उसाच्या फडात मध्ये एक गोल आणि भोवती बाहेरच्या अंगाला लोळलेला ऊस मी दोनदा पाहिला आहे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला फुजिता ठाऊक नव्हते. रानडुकरे असावीत असे वाटले होते.

वाऱ्याच्या जोडीला आणखी एक न दिसणारी गोष्ट असते, हवेचा विरळपणा. आणि मला या विषयाकडे ओढणारा अपघात त्याच जातीचा.

२६ एप्रिल १९९३. मी तेव्हा एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये कारकून होतो. कापसाच्या एकाधिकार खरेदीचे दिवस. गाठी मोजायच्या, ट्रकवर चढवायच्या, पावती फाडायची. त्या दुपारी औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे बोइंग ७३७ मुंबईसाठी निघाले. आत ११८ माणसे. विमान धावपट्टीच्या अगदी टोकाशी उचलले आणि पलीकडच्या रस्त्याने जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले. रस्त्यापासून साधारण सात फुटांवर डाव्या चाकाचा आणि डाव्या इंजिनाचा तडाखा ट्रकला बसला. तसेच पुढे जाऊन ईशान्येला सुमारे तीन किलोमीटरवर ते उच्च दाबाच्या तारांना अडकले आणि पडले. ५५ माणसे गेली.

दुसऱ्या दिवशी आमच्या प्रेसमध्ये एकच विषय होता. गाठी कुणाच्या, ट्रक कुणाचा. आमचा नव्हता. पण आमचेही ट्रक त्याच वाटेने जायचे, आणि ट्रकवाला बिचारा आपल्या रस्त्याने, आपल्या बाजूने चालला होता हे मला काही केल्या डोक्यातून जाईना. चौकशीने पुढे दोन कारणे दिली : वैमानिकांनी नाक उचलायला केलेला उशीर व ते उचलण्याची चुकीची पद्धत, आणि विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक रोखण्यात तेव्हाच्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाला आलेले अपयश. झोताच्या वाऱ्याला त्या निष्कर्षात जागा नाही, आणि विमानही हलके नव्हते. तरी मी तो अपघात इथे आणतो, कारण उष्ण दुपारी भरलेले विमान आखूड धावपट्टीवरून उचलणे म्हणजे काय, हे आमच्या भागाला त्याने दाखवले.

चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे १,९११ फुटांवर. पारा ४० अंशांवर असेल तर तिथली हवा सुमारे ५,४०० फुटांवरच्या मानक हवेइतकी विरळ होते. हे गणित कुणीही करून पाहू शकतो. ५,४०० फूट म्हणजे कळसूबाईचा माथा, तोही कडाक्याच्या थंडीतला. म्हणजे एप्रिलमध्ये धावपट्टी जागची न हलता महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखरावर जाऊन बसते. हवा समुद्रसपाटीपेक्षा पंधरा टक्क्यांच्या आसपास पातळ. पंखाला तेवढीच उचल मिळवायला जास्त धावावे लागते, इंजिनाला श्वास कमी मिळतो, पंख्याला ढकलायला हवा कमी. आणि वेगदर्शक काटा यातले काही सांगत नाही; नेहमीच्याच आकड्यावर विमान उचलते, फक्त धावपट्टी संपत आलेली असते.

हलके विमान, विरळ हवा आणि झोताचा वारा ही तिन्ही एकत्र आलेली सर्वांत बोलकी घटना माझ्या वाचनात अमेरिकेतली आहे. ११ एप्रिल १९९६, वायोमिंग राज्यातले शायन शहर. जेसिका डब्रॉफ नावाची सात वर्षांची मुलगी, तिचे वडील आणि प्रशिक्षक सेस्ना १७७ मधून देश ओलांडायला निघाले होते. मुलीने विमान चालवत समुद्र ते समुद्र जायचे, असा बेत. पत्रकार, कॅमेरे, पुढच्या गावी ठरलेल्या मुलाखती. विमानतळाची उंची ६,१५६ फूट. सकाळ थंड असूनही हवा ६,६७० फुटांच्या हिशोबाची. विमानात मर्यादेपेक्षा सुमारे ४४ किलो वजन जास्त. वादळी ढग जवळ येत होता, पाऊस सुरू झाला होता, वारा २० नॉट आणि झोत ३० नॉटचे. आधी निघालेल्या दोन इंजिनांच्या विमानाच्या वैमानिकाने वाऱ्यात १५ नॉटची चढउतार असल्याचे कळवले होते, आणि नियंत्रण कक्षाने ते या तिघांपर्यंत पोहोचवलेही होते. तरी ते निघाले. विमान काही शे फूट चढले, उजवीकडे वळले, उचल गमावून वस्तीतल्या रस्त्यावर कोसळले. तिघेही गेले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मुलीला दोष दिला नाही. विमान प्रशिक्षकाच्या ताब्यात असल्याचे धरले. जादा वजन, विरळ हवा आणि बिघडते हवामान असताना निघण्याचा निर्णय आणि त्यानंतर वेग राखता न येणे, हे कारण. आणि पूरक कारण म्हणून नोंदले : आटोक्याबाहेरचे वेळापत्रक पाळायची धडपड, अंशतः प्रसारमाध्यमांना दिलेल्या शब्दांमुळे. पुढे लहान मुलांच्या अशा विक्रमी उड्डाणांना आळा घालणारा कायदा झाला. मी मात्र त्या पूरक कारणापाशी थांबतो. झोत, वजन, उंची यांपैकी एकेकटे कुणी त्यांना पाडले असते असे नाही. चौथी गोष्ट होती ती घड्याळाची.

माझ्या भावाचे वसतिगृहाचे भाडे हेही एक घड्याळच आहे. हे मी त्याला सांगितले तेव्हा तो काही बोलला नाही. तंबाखू मळत राहिला.

उतरताना वैमानिकाला पुन्हा वर जाऊन दुसऱ्यांदा प्रयत्न करता येतो. उड्डाणाला ती सोय नाही. टाकी भरलेली, वेग सर्वांत कमी, उंची नाहीच, आणि निर्णयाला हातात मोजके सेकंद. पण उड्डाणाची एक गोष्ट अशी आहे की जी उतरण्याला नाही : ते करायलाच हवे असे नसते. वर गेलेल्याला कधीतरी खाली यावेच लागते. खाली असलेल्याला वर जाण्याची सक्ती कुणाची? आपल्याकडच्या पहिल्या टपाल विमानसेवेने हे मुकाट मान्य केले होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे छोट्याशा पस मॉथ विमानाने जुहूला उतरले आणि सेवा सुरू झाली. पण जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलात जाई, तेव्हा विमाने पुण्याहून चालवत. समुद्रकाठच्या पावसाशी मर्दुमकी गाजवण्याचा खटाटोप त्यांनी केला नाही.

हलक्या विमानाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. वेग कमी असल्याने ते पडले तरी पुष्कळदा माणूस वाचतो. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून उडालेले सेस्ना १५२ इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात पडले. कारण वाऱ्याचे नव्हे, इंजिनाच्या ताकदीचे. एकटीच असलेली शिकाऊ तरुणी किरकोळ दुखापतीवर सुटली. ही बातमी मी भावाला दाखवली होती, धीर द्यायला म्हणून. त्याने फक्त विमानाचा फोटो पाहिला आणि मोबाइल परत दिला. तेव्हापासून मी त्याला फोटो दाखवत नाही.

पुतणीने परवा सांगितले की तिच्या लॉगबुकात प्रत्येक उड्डाणाची वेळ मिनिटापर्यंत लिहावी लागते. न झालेल्या उड्डाणाला त्यात रकाना नाही. रकाना तिच्या बापाने काढला आहे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर तो रद्द झालेल्या दिवसांना फुली मारतो. आधी लाल पेनने मारायचा, हल्ली हाताला येईल त्याने. एप्रिलच्या पानावर नऊ फुल्या आहेत, मेच्या पानावर अकरा.

"दादा, आज तिकडं कसा असंल वारा?" असे तो सकाळी विचारतो, आणि आम्ही दोघे अंगणातल्या कडुलिंबाच्या शेंड्याकडे पाहतो. तिची धावपट्टी इथून अडीचशे किलोमीटरवर आहे.